गाय, घोडा आणि ‘व्हॅक्सिन’



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा शब्दकोशांवर फार जीव होता. शब्द अडला की ते नुसता अर्थ सांगत नसत, तो शब्द आला कुठून हे मुलांना शोधायला लावत, असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून मी ऐकलं आहे. म्हणून आज बोलण्यासाठी मी एकच शब्द निवडला: ‘व्हॅक्सिन’. २०२१ साली हा शब्द आपल्याकडे खेड्यापाड्यांत, वस्त्यावस्त्यांत पोहोचला. ‘व्हॅक्सिन घेतलं का?’ हा प्रश्न त्या वर्षी ‘जेवण झालं का?’ इतकाच सहज विचारला जात होता.

लॅटिनमध्ये ‘वाक्का’ म्हणजे गाय आणि ‘वाक्किनुस’ म्हणजे गाईचा, गाईपासूनचा. कोणताही इंग्रजी कोश उघडा, ‘व्हॅक्सिन’खाली हे सापडेल. एवढ्यावर थांबलं तर व्युत्पत्ती कळते, पण त्या नावामागचा दावा कळत नाही. एका वैद्याने एका रोगाला नाव देताना त्या नावातच आपला सिद्धान्त घातला होता. तो सिद्धान्त पुढे चुकीचा ठरला. नाव मात्र टिकलं, आणि ज्यांचा गाईशी काही संबंध नाही अशा शेकडो औषधांना लागू झालं. शब्दाचं मूळ आपल्याला वस्तूचं सत्य सांगत नाही. नाव ठेवणाऱ्या माणसांना त्या वेळी काय खरं वाटत होतं, हे सांगतं. आज मला मांडायचं आहे ते एवढंच, आणि त्यासाठी या एका शब्दासारखं दुसरं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आधी ‘वाक्का’कडे पाहू. इंग्रजी ‘काऊ’, संस्कृत ‘गो’ आणि लॅटिनमधलाच ‘बोस’ हा बैल-गाईसाठीचा शब्द, हे तिघेही एका मूळ शब्दाची लेकरं. म्हणजे आपल्या ‘गाई’चं आणि इंग्रजी ‘काऊ’चं रक्ताचं नातं आहे. ‘वाक्का’ मात्र त्या घरातला नाही. वेदांत गाईसाठी ‘वशा’ असा एक शब्द येतो. त्याच्याशी ‘वाक्का’चं नातं काही अभ्यासकांनी सुचवलं, पण त्यावर एकमत झालेलं नाही. ‘वाक्का’चा वंश पुढे चांगलाच वाढला. फ्रेंचमध्ये तो ‘वाश’ झाला, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये ‘वाका’. स्पॅनिश गुराखी तो ‘वाकेरो’. तोच शब्द अमेरिकन इंग्रजीत जाऊन ‘बकरू’ झाला. या सगळ्या शब्दांचा रोगाशी किंवा औषधाशी दुरूनही संबंध नव्हता. तो जोडला गेला १७९८ साली, एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर.

एडवर्ड जेन्नर यांचा जन्म १७४९ चा. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातलं बर्कली हे त्यांचं गाव. लंडनला जॉन हंटर या नामवंत शल्यविशारदाकडे शिकून ते गावी परतले आणि तिथेच वैद्यकी करू लागले. रॉयल सोसायटीचं सदस्यत्व त्यांना मिळालं ते कोकिळेच्या पिल्लावरच्या अभ्यासामुळे. परक्या घरट्यात जन्मलेलं ते पिल्लू यजमान पक्ष्याची अंडी आणि पिल्लं बाहेर कशी ढकलतं, हे त्यांनी बारकाईने पाहून लिहिलं होतं. जेन्नर मुळात निरीक्षक होते, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवावं लागतं.

तेव्हाचा काळ देवीच्या रोगाचा. हा रोग झालेल्या दर तीन-चार माणसांमागे एक दगावे, आणि वाचलेल्यांचे चेहरे आयुष्यभर व्रणांनी भरलेले राहत. त्यावर एकच उपाय माहीत होता: खऱ्या देवीच्याच फोडातलं द्रव्य निरोगी माणसाच्या कातडीत थोडंसं टोचायचं. त्यातून येणारा रोग बहुधा सौम्य असे आणि पुढे जन्मभर भीती राहत नसे. चीन, भारत, आफ्रिका, तुर्कस्तान या भागांत हे फार पूर्वीपासून चालत होतं. बंगालमध्ये हे काम करणारे ‘टिकादार’ दर वर्षी ठरलेल्या ऋतूत गावोगाव फिरत; होलवेल या इंग्रज डॉक्टराने १७६७ साली त्यांची पद्धत तपशीलवार लिहून ठेवली आहे. इंग्लंडला ही पद्धत कळली ती मुख्यतः तुर्कस्तानातून. लेडी मेरी वर्टली मॉन्टेग्यू यांनी ती कॉन्स्टँटिनोपलला पाहिली, तिथे आपल्या मुलाला टोचून घेतलं आणि १७२१ मध्ये लंडनला मुलीलाही टोचलं.

या टोचण्याला इंग्रजांनी ‘इनॉक्युलेशन’ म्हटलं. हाही लॅटिनच, आणि तो बागेतून आलेला. ‘ओकुलुस’ म्हणजे डोळा. झाडाचा डोळाही तोच. एका झाडाचा डोळा दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवणं म्हणजे ‘इनॉक्युलेट’ करणं. आपल्याकडे जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतात, गुलाबाचे डोळे भरतात; जालन्याच्या रोपवाटिकेतल्या माळ्याला हा शब्द कुणी उलगडून सांगायला नको. लेडी मेरींनी आपल्या पत्रात कलम करण्याचाच शब्द वापरला होता, आणि जर्मन भाषेत आजही लस टोचण्याला ‘इम्फुंग’ म्हणतात, त्याचाही मूळ अर्थ कलम. एक छोटी चीर द्यायची, परका अंश आत ठेवायचा आणि तो जगेल याची वाट पाहायची. वैद्यकाला ही कल्पना माळ्याने दिली, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

पण या पद्धतीत दोन धोके होते. टोचलेल्यांपैकी शंभरात एक-दोन माणसं मरत. आणि टोचून घेतलेला माणूस खऱ्या देवीचा वाहक होई. त्याच्यापासून गावात साथ पसरू शकत असे.

आता गाईकडे येऊ. ग्लॉस्टरशायर आणि डॉर्सेट हे दूधदुभत्याचे मुलूख. तिथल्या गाईंच्या आचळांवर कधीकधी फोड येत आणि दूध काढणाऱ्यांच्या हातांवर तेच उमटत. लोक त्याला ‘काउपॉक्स’ म्हणत. ज्याला हे येऊन गेलं त्याला देवी येत नाही, हे गोठ्यातल्या माणसांना ठाऊक होतं. थॉर्नबरीच्या जॉन फ्यूस्टर या वैद्याच्या ध्यानात १७६८ च्या सुमारास आलं की, काउपॉक्स होऊन गेलेल्या शेतकऱ्यांवर देवी टोचण्याचा काहीच परिणाम होत नाही. १७७४ मध्ये डॉर्सेटमधल्या येटमिन्स्टरच्या बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने साथ जवळ आलेली पाहून आपल्या बायकोला आणि दोन मुलांना गाईच्या फोडातलं द्रव्य स्वतःच्या हाताने टोचलं. हे जेन्नर यांच्या प्रयोगाच्या २२ वर्षं आधी. शाळेच्या पुस्तकात मुलांना जी गोष्ट सांगतात, की एक सुंदर गवळण तरुण जेन्नरला म्हणाली मला देवी येणार नाही आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, ती जेन्नर यांचे चरित्रकार जॉन बॅरन यांनी रूढ केलेली आहे. ती घडलीच नसावी, असं आर्थर बॉइलस्टन या अभ्यासकाने साधार दाखवलं आहे. मला ती गोष्ट खटकते याचं कारण वेगळं आहे. तिच्यात एक गवळण बोलते आणि एक डॉक्टर समजतो. प्रत्यक्षात समज आधीच गोठ्यात होती, अनेकांची होती, पिढ्यांची होती.

मग जेन्नर यांचं काय? त्यांनी जे केलं ते फार मोठं होतं, आणि त्याचं मोल कमी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. त्यांनी ती समज तपासून पाहिली. १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातलं द्रव्य घेऊन त्यांनी आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला, जेम्स फिप्सला, टोचलं. ज्या गाईपासून साराला संसर्ग झाला तिचं नाव ब्लॉसम होतं. तिचं कातडं लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय शाळेत आजही जपून ठेवलेलं आहे. १ जुलैला त्यांनी त्याच मुलाला खऱ्या देवीचं द्रव्य टोचलं. काही झालं नाही. आज असा प्रयोग लहान मुलावर करायला कोणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. पण ज्या काळात तसंही देवीचं द्रव्य मुलांना टोचतच असत, त्या काळात हा प्रयोग झाला, हेही विसरून चालणार नाही.

रॉयल सोसायटीने त्यांचा लेख परत केला. जेन्नर यांनी आणखी रुग्णांची हकीकत जमवली आणि १७९८ मध्ये स्वखर्चाने पुस्तक छापलं. त्याचं लांबलचक नाव ‘व्हेरिओली व्हॅक्सिनी’ या रोगाच्या कारणांचा आणि परिणामांचा शोध अशा अर्थाचं होतं. हा रोग लोकांत काउपॉक्स या नावाने ओळखला जातो, असंही त्यात पुढे म्हटलेलं होतं. म्हणजे लोकांचं साधं नाव जेन्नर यांच्याजवळ तयार होतं. तरीही त्यांनी त्याच्या आधी एक नवं लॅटिन नाव ठेवलं.

या दोन शब्दांकडे नीट पाहा. ‘व्हेरिओला’ म्हणजे देवी. सहाव्या शतकात आव्हांशचे बिशप मारियस यांच्या लेखनात हा शब्द येतो. ठिपक्याठिपक्यांचा या अर्थाच्या ‘वारियुस’पासून किंवा पुटकुळी या अर्थाच्या ‘वारुस’पासून तो आला, असं मानतात. ‘व्हॅक्सिनी’ म्हणजे गाईची. तर ‘व्हेरिओली व्हॅक्सिनी’ म्हणजे गाईची देवी. ‘गाईचे फोड’ म्हणणं वेगळं आणि ‘गाईची देवी’ म्हणणं वेगळं. जेन्नर सुचवत होते की हा निराळा रोग नाही; ज्या रोगाने माणसं मरतात, त्याचंच हे गाईच्या अंगावरचं मवाळ रूप आहे, आणि म्हणून एकाने दुसऱ्यापासून संरक्षण मिळतं. सगळा सिद्धान्त दोन शब्दांत बसवला होता. माझ्या मते लॅटिन वापरण्यामागे आणखी एक कारण होतं: गोठ्यातल्या ज्ञानाला पंडितांच्या सभेत बसवायचं तर त्याला पंडितांची वस्त्रं लागतात. आपल्याकडे संस्कृतने हे काम किती वेळा केलं आहे, ते तुम्ही जाणता.

नाव तयार झालं, पण अजून ते विशेषणच होतं. ‘व्हॅक्सिन मॅटर’, ‘व्हॅक्सिन व्हायरस’ असं लोक लिहीत. ‘व्हायरस’ हाही लॅटिन शब्द. अर्थ विष, चिकट द्रव. आज आपण ज्याला विषाणू म्हणतो ते तेव्हा कोणी पाहिलेलं नव्हतं. प्लिमथच्या रिचर्ड डनिंग या शल्यविशारदाने १८०० मध्ये ‘व्हॅक्सिनेशन’ हा शब्द घडवला. फ्रेंचांनी दोन नामं केली: ‘ला व्हाक्सीन’ म्हणजे तो रोग आणि ‘ल व्हाक्सँ’ म्हणजे टोचायचं द्रव्य. नवा शब्द आल्यावर जुन्यालाही नवं नाव शोधावं लागलं: खऱ्या देवीचं द्रव्य टोचण्याला पुढे ‘व्हेरिओलेशन’ म्हणू लागले. फोन मोबाइल झाल्यावर आधीच्या साध्या फोनला ‘लँडलाइन’ म्हणावं लागलं, त्यातलाच हा प्रकार.

शब्दातली गाय लोकांना तेव्हा स्पष्ट दिसत होती, हे आज आपल्याला जाणवत नाही. १८०२ साली जेम्स गिलरे यांनी काढलेलं व्यंगचित्र प्रसिद्ध आहे: डॉक्टर टोचतो आहे आणि टोचून घेतलेल्यांच्या दंडातून, तोंडातून, नाकातून छोट्या छोट्या गाई बाहेर पडत आहेत. त्यामागे हसणं होतं तशी भीतीही होती. जनावराचा अंश माणसात गेला तर माणूस माणूस राहील का, असा तो प्रश्न होता. इंग्लंडमध्ये १८५३ साली लहान मुलांचं लसीकरण सक्तीचं झालं आणि त्याविरुद्ध मोठमोठे मोर्चे निघाले. अखेर १८९८ च्या कायद्याने ‘सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही’ म्हणणाऱ्या पालकांना सूट दिली. युद्धात लढायला नकार देणाऱ्यांसाठी पुढे जो इंग्रजी शब्दप्रयोग रूढ झाला, तो या लसीच्या कायद्यातून आलेला आहे.

आता लस मुंबईला कशी आली ते सांगतो, कारण या शब्दाच्या प्रवासात मुंबईचा टप्पा खरोखरच महत्त्वाचा आहे.

तेव्हा बर्फाच्या पेट्या नव्हत्या. दोऱ्यावर किंवा कापसाच्या बोळ्यावर वाळवलेलं द्रव्य लांबच्या प्रवासात निकामी होई. खात्रीचा मार्ग एकच: माणसाकडून माणसाकडे. एका मुलाला टोचायचं, आठव्या दिवसाच्या सुमारास फोडात स्वच्छ पाणी धरतं, ते सुरीच्या टोकावर घेऊन दुसऱ्या मुलाला टोचायचं, त्याच्याकडून तिसऱ्याला. साखळीतला एक दुवा निसटला, एका आठवड्याचा खाडा पडला, की सगळं संपलं. स्पेनच्या राजाने १८०३ मध्ये बाल्मिस या डॉक्टरला अमेरिकेतल्या वसाहतींकडे धाडलं तेव्हा जहाजावर २२ अनाथ मुलं होती. त्यांच्या दंडांवरून लस महासागर ओलांडून गेली. त्या मुलांची काळजी घेणाऱ्या इसाबेल सेंदाल यांचं नाव अलीकडे कुठे आदराने घेतलं जाऊ लागलं आहे.

हिंदुस्थानाकडे लस आली ती व्हिएन्नामार्गे. तिथले डॉक्टर जां द कारो यांनी मिलानच्या लुइजी साक्को यांच्याकडून लोंबार्डीच्या गाईंचं द्रव्य मिळवलं, ते काचांच्या मध्ये ठेवून वरून मेणाने बंद केलं आणि कॉन्स्टँटिनोपलमार्गे बगदादला पोहोचतं केलं. बगदादहून बसरा, बसऱ्याहून जहाजाने मुंबई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत डॉ. हेलेनस स्कॉट यांच्या देखरेखीखाली अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली. हिंदुस्थानात यशस्वीपणे लस घेणारी ती पहिली व्यक्ती. तिच्या दंडावरून मुंबईतल्या आणखी काही मुलांना लस गेली, आणि तिथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास, सिलोन. देशभर पसरलेली ती सगळी लस मुंबईतल्या एका लहान मुलीच्या दंडातून पुढे गेली, ही गोष्ट आपल्या शाळांत शिकवली जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लस हिंदुस्थानात आली, पण ‘गाय’ तिच्याबरोबर आली नाही. काही इंग्रज अधिकाऱ्यांना आशा होती की द्रव्य गाईपासूनचं आहे म्हटल्यावर हिंदू ते आनंदाने घेतील. याच सुमारास गाईच्या फोडातलं द्रव्य टोचण्याचं वर्णन असलेले ‘प्राचीन’ संस्कृत श्लोकही पुढे आले. ते नंतर रचलेले होते. डॉमिनिक वुजास्टिक यांनी या ‘सद्भावनेच्या बनावटी’चा इतिहास उलगडून दाखवला आहे. बनवणाऱ्यांचा हेतू जीव वाचवण्याचा असेल, तरी त्या बनावटीची किंमत आपण अजून मोजतो आहोत. लस मुळात आपलीच होती असं छातीठोक सांगणारे आजही भेटतात, आणि त्यामुळे बंगालच्या टिकादारांचं खरं, लेखी पुराव्याने सिद्ध होणारं ज्ञान मात्र झाकोळून जातं.

मराठीने या नव्या गोष्टीला नाव दिलं ते स्वतःच्या पद्धतीने. रोगाचं नाव देवी. माहीमला आजही शीतलादेवीचं देऊळ आहे. म्हणून टोचण्याला ‘देवी काढणं’ म्हणू लागले, आणि दंडावरच्या गोल वणांनाही देवीच म्हणत. टोचायच्या द्रव्याला ‘लस’ म्हटलं. जखमेतून पू नव्हे, पातळसं पाणी झिरपतं त्याला आपण आधीपासूनच लस म्हणत होतो. मराठी माणसाने सुरीच्या टोकावर जे दिसलं त्याचंच नाव ठेवलं, त्यात कुठलाही सिद्धान्त घातला नाही. म्हणून ते नाव कधी खोटंही पडलं नाही.

युरोपात दंडादंडाने लस देण्यातून उपदंशासारखे रोगही पसरतात, हे कळल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा जनावरांकडे वळावं लागलं. वासरांच्या कुशीवरची लव काढून तिथे लस वाढवायची आणि खरवडून घ्यायची. नेपल्सला हे आधीपासून चालत होतं. तिथून ते फ्रान्सला आणि जगभर गेलं. हिंदुस्थानात त्यासाठी म्हशीची रेडकंही वापरली. हे रेडकू लक्षात ठेवा, आपल्याला पुन्हा त्याच्याकडे यायचं आहे.

आता ‘व्हॅक्सिन’ या शब्दाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस. लुई पाश्चर यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर आणि मग गुराढोरांच्या अँथ्रॅक्सवर जंतू दुबळे करून त्यांच्याच साहाय्याने संरक्षण देण्याची रीत शोधली होती. मे-जून १८८१ मध्ये फ्रान्समधल्या पुई-ल-फॉर या गावी त्यांनी मेंढ्यांवर जाहीर प्रयोग करून दाखवला. त्याच ऑगस्टमध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद भरली. तिथे पाश्चर यांनी सांगितलं की ‘व्हॅक्सिनेशन’ हा शब्द मी मुद्दाम विस्तारून वापरतो आहे, आणि तो जेन्नर यांच्या थोर कार्याला मान म्हणून. त्या एका वाक्याने गाईचा शब्द सगळ्यांचा झाला. कोंबडीच्या रोगावरची लस ‘गाईची’ म्हणवली जाऊ लागली. शब्दांचे अर्थ बहुधा हळूहळू, कुणाच्या नकळत बदलतात. इथे एका फ्रेंच शास्त्रज्ञाने, इंग्रजांच्या राजधानीत, एका इंग्रज वैद्याच्या ऋणापोटी शब्दाचा अर्थ जाणूनबुजून वाढवला. शास्त्राच्या इतिहासातली ही कृतज्ञता मला फार मोलाची वाटते. पाश्चर यांना नवा शब्द घडवता आला असता आणि त्यावर त्यांचंच नाव लागलं असतं.

पाश्चर यांच्या पॅरिसच्या संस्थेतूनच वाल्डेमार हाफकीन हिंदुस्थानात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका खोलीत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा गेली. १९२५ पासून ती हाफकीन संस्था म्हणून ओळखली जाते. त्यांच्या लसीत मारलेले जंतू होते आणि ते काचेच्या भांड्यात वाढवलेले होते. गाय तर नव्हतीच, वासरूही नव्हतं.

आणि मग मूळच्या लसीचंच कूळ तपासायची वेळ आली. १९३९ साली अ‍ॅलन डाउनी यांनी दाखवलं की देवीच्या लसीत जो विषाणू शे-सव्वाशे वर्षं चालत आला आहे, तो गाईच्या काउपॉक्सचा विषाणू नाही. तो निराळाच आहे. त्याला ‘व्हॅक्सिनिया’ म्हणतात, म्हणजे नावात पुन्हा गायच. मग तो आला कुठून? २००६ मध्ये मंगोलियातल्या घोड्यांमधल्या हॉर्सपॉक्स विषाणूचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला आणि तो व्हॅक्सिनियाचा जवळचा आप्त निघाला. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी १९०२ साली अमेरिकेत तयार झालेल्या लसीचा जपून राहिलेला नमुना तपासला. तिच्यातल्या विषाणूचा गाभा हॉर्सपॉक्सशी ९९.७ टक्के जुळला. जगाने ज्याला गाईचं म्हटलं, ते बहुधा घोड्याचं होतं. काउपॉक्सचं तर गाईतही कायमचं घर नाही. तो मुळात शेतातल्या उंदरांसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांत राहतो आणि गाईला अधूनमधून लागतो.

जेन्नर यांनी मात्र घोड्याचं नाव घेतलेलं होतं, हे मला इथे आवर्जून सांगायचं आहे. १७९८ च्या त्याच पुस्तकाच्या आरंभी ते म्हणतात की घोड्यांच्या खुरांजवळ ‘ग्रीस’ नावाचा एक रोग होतो. घोड्याच्या पायाला औषध लावणारा माणूस तेच हात घेऊन गाईचं दूध काढायला बसतो आणि रोग गाईला लागतो. त्यांच्या काळातही यावरून त्यांच्यावर टीका झाली आणि पुढच्या पिढ्यांनी ही त्यांची चूक मानली. म्हणजे त्यांनी मुखपृष्ठावर छापलेला सिद्धान्त, की ही गाईची देवी आहे, चुकला. आणि आतल्या पानांवरची शंका दोनशे वर्षांनी बरीचशी खरी ठरली. तरुणपणी कोकिळेच्या पिल्लावर नजर ठेवून बसलेला निरीक्षक या पानांत दिसतो. मुखपृष्ठावर तोच सिद्धान्तकार झाला, आणि जगाने सिद्धान्तकाराचा शब्द उचलला.

कोविडच्या काळात पुण्यात ज्या लसी बनल्या त्यांच्याकडे पाहा. कोविशील्डमध्ये चिंपांझीच्या सर्दीचा, वाढू न शकणारा विषाणू वाहन म्हणून वापरला होता. पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीने बनवलेल्या आणि २०२२ मध्ये परवानगी मिळालेल्या लसीत जंतूच नाही. आहे तो आरएनएवर लिहिलेला एक निरोप. अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर कोशाला याच काळात ‘व्हॅक्सिन’ची व्याख्या बदलावी लागली, कारण जुन्या व्याख्येत ही नवी वस्तू मावत नव्हती. व्याख्या बदलली म्हणून काहींनी आरडाओरडा केला, जणू कोणी खोटेपणा केला आहे. मला त्यात खोटेपणा दिसत नाही. १८८१ मध्ये पाश्चर यांनी भर सभेत केलं तेच कोशकारांनी केलं.

जुन्या, मूळ अर्थाची व्हॅक्सिन आज जवळजवळ उरलेली नाही. देवीचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात सापडला, ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने देवी संपल्याचं जाहीर केलं, आणि देवी काढणं थांबलं. पण व्हॅक्सिनिया विषाणू संपला नाही. त्याचाच एक दुबळा प्रकार आज एमपॉक्सच्या लसीत आहे. आणि तो आपल्याही दाराशी आहे. मघाशी रेडकाचं लक्षात ठेवा म्हटलं होतं ते यासाठी. भारतात म्हशींना ‘बफेलोपॉक्स’ नावाचा रोग होतो. आचळांवर फोड येतात आणि दूध काढणाऱ्यांच्या हातांवर ते उमटतात. त्याचा विषाणू म्हणजे व्हॅक्सिनियाचाच एक प्रकार, आणि देवीची लस वाढवण्या-टोचण्याच्या काळात तो माणसांकडून किंवा लसीतून म्हशींत गेला असावा, असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं. २००९ साली सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत अशी साथ म्हशींमध्ये आणि माणसांमध्ये एकाच वेळी दिसली आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. बर्कलीच्या आसपासच्या गोठ्यांत जेन्नर यांनी जे पाहिलं, तेच इथे पश्चिम महाराष्ट्राच्या गोठ्यांत दिसत होतं. फरक असा की आज धार काढणाऱ्यांपैकी बरेच जण देवी काढणं थांबल्यानंतर जन्मलेले आहेत. जुन्या लसीने मिळणारं संरक्षण त्यांना नाही. अशा गोठ्यांत आजारी म्हैस वेगळी बांधणं, तिची धार शेवटी काढणं, हात साबणाने धुणं आणि हातावर फोड दिसताच सरकारी दवाखान्यात दाखवणं, ही कामं आपल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनी आणि आशाताईंनी मिळून हाती घेण्यासारखी आहेत. या जिल्ह्यांत दूध संघांचं जाळं गावोगाव पोहोचलेलं आहे, त्यामुळे ही माहिती दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकापर्यंत संकलन केंद्रावरच पोहोचवता येईल.